वाळवी लागली की आधी स्प्रे उचलू नका

मे संपता संपता वळवाचा एखादा दणकून पाऊस पडला की त्याच संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या किड्यांचा थवा जमतो, मग लाइट बंद करा, खिडक्या लावा, आणि सकाळी झाडताना खिडकीखाली नुसते पंखच पंख, किड्यांचा पत्ता नाही. पुण्यात राहणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही. ते बाहेरून दिव्याला आले असतील तर काही टेन्शन नाही, पाली पोटभर जेवतात आणि विषय संपतो. पण हेच पंख रात्रभर खिडक्या बंद असलेल्या खोलीत, कपाटाच्या मागे नाहीतर बाथरूमच्या दारापाशी ढिगाने सापडले तर जागे व्हा. ते घरातूनच कुठूनतरी निघालेत, म्हणजे वारूळ मोठं झालंय आणि तुमच्या घराच्या अगदी जवळ आहे.

मुंग्यांनाही पावसाच्या तोंडावर पंख फुटतात, त्यामुळे आधी किडा नीट बघून घ्या. मुंगीची कंबर बारीक असते आणि पुढचे पंख मागच्यापेक्षा मोठे असतात, मिशा कोपरात वाकल्यासारख्या दिसतात. वाळवीला कंबर अशी नसतेच, सरळ एकसारखं अंग, चारही पंख सारख्या मापाचे आणि अंगापेक्षा लांब, हात लागला तरी गळून पडतात. वाळवीला आपण पांढरी मुंगी म्हणत असलो तरी ती मुंगीच्या नात्यातली नाहीच, झुरळाच्या कुळातली आहे.

आता मुद्द्याची गोष्ट, जी ९० टक्के लोक विसरतात आणि मग पैसे पाण्यात जातात. आपल्याकडे घरांना जी वाळवी लागते ती बहुतेक वेळा जमिनीखालची असते. ती तुमच्या कपाटात राहत नाही, तिथे फक्त जेवायला येते. राणी, अंडी, पिल्लं सगळं खाली मातीत, आणि तिथून कामकरी वाळवी मातीची नळी बांधत बांधत वर लाकडापर्यंत पोचते. ती नळी का बांधते, तर तिचं अंग इतकं नाजूक असतं की कोरड्या हवेत आणि उजेडात ती टिकत नाही, ओलावा धरून ठेवायला बोगदा लागतो. म्हणून कपाटावर स्प्रे मारून हजार वाळव्या मेल्या तरी खालच्या वसाहतीला फार फरक पडत नाही, शिवाय बाजारातले बरेचसे फवारे असे असतात की त्यांचा वास आला की वाळवी ती वाट सोडून देते आणि दोन फुटांवरून दुसरी वाट काढते. तुम्हाला वाटतं गेली, आणि दिवाळीच्या सफाईला माळ्यावरची पुस्तकं काढली की कळतं कुठे गेली ते.

शोधायचं कसं

एक चांगला टॉर्च आणि एक स्क्रू ड्रायव्हर, बास. सुरुवात बाथरूमच्या दाराच्या चौकटीपासून करा, कारण लाकूड, ओल आणि जमीन तिन्ही एका जागी तिथे मिळतात. चौकटीचा खालचा वीतभर भाग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत वर या. चांगलं लाकूड भरीव वाजतं, खाल्लेलं पोकळ, आणि हा फरक कुणालाही कळतो, सुतारच लागतो असं नाही. पोकळ वाटलं तिथे टोक थोडं दाबा. रंग वरून एकदम शाबूत असतो हो, पॉलिशसुद्धा चकाकत असतं, आणि टोक आत सट्कन बोटभर जातं. खपली काढून बघितलंत तर आत खारीसारखे पापुद्रे दिसतील, मऊ भाग खाऊन कडक रेषा तेवढ्या ठेवलेल्या आणि मधल्या फटींत ओलसर माती लिंपलेली. ही माती हीच खूण. भुंग्याने पोखरलेल्या लाकडात माती कधीच नसते, तिथे टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखा बारीक भुसा पडलेला असतो, त्याचा इलाज वेगळा, त्यासाठी घराच्या फरशीला भोकं पाडू नका.

चौकट झाली की बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवरचं वॉर्डरोब बघा, त्यातले कपडे, पेपर सगळं काढून मागची प्लाय ठोका. मग किचन सिंकखालची ट्रॉली, तिथे पाईप भिंतीत शिरतो त्या भोकाच्या आसपास. मग स्कर्टिंगच्या वरची फट, खिडकीच्या चौकटीचा खालचा कोपरा, भिंतीला चिकटून टांगलेल्या फोटोफ्रेमच्या मागे, माळ्यावरची खोकी, रद्दी. जुन्या घरांत लाइटच्या बटणांचे लाकडी बोर्ड असतात त्यांच्या मागे तर हमखास, पण तो मेन स्विच बंद करूनच उघडा. भिंतीवर कुठे रंगाखाली वेडीवाकडी फुगलेली रेघ दिसली आणि बोट लावल्यावर फुटून माती पडली, तर ती ओल नाही, वाट आहे.

नळी सापडली की हात शिवशिवतात, झाडूने सगळी खरवडून टाकावीशी वाटते. तसं करू नका. मधला एक इंचाचा तुकडा फक्त तोडा आणि वाकून बघत राहा. चालू वाट असेल तर लगेच पांढुरक्या मऊ कामकरी वाळव्या सैरावैरा पळताना दिसतात, आणि थोड्याच वेळात तपकिरी डोक्याचे शिपाई फटीच्या तोंडाशी येऊन उभे राहतात. कुणीच दिसलं नाही तर तसंच सोडून द्या आणि दोन-तीन दिवसांनी परत बघा. तुटलेला भाग ओल्या मातीने बुजवलेला असेल तर वाट चालू आहे, तसाच कोरडा उघडा असेल तर बहुधा जुनी सोडलेली. मग ती नळी बोटाने माग काढत खाली खाली न्या, कुठल्या फटीतून जमिनीतून वर आलीये ते शोधा. इलाज त्या तोंडापाशी करायचाय. खडूने खूण करा, मोबाइलवर फोटो काढा.

पाचव्या मजल्यावर वाळवी कशी येईल हा प्रश्न प्रत्येक सोसायटीत कुणीतरी विचारतंच. येते की. बाथरूमच्या पाईपांची डक्ट तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सलग असते, आत अंधार, ओल, शटरिंगच्या राहून गेलेल्या फळ्या, बिल्डरचा राडारोडा. तिला आणखी काय पाहिजे? त्यामुळे वरच्या मजल्यावर वाळवी निघाली तर खालच्या फ्लॅटवाल्यांना विचारा, डक्टचं दार उघडून टॉर्च मारा, आणि एकट्याच्या फ्लॅटपुरता विचार करू नका, हे काम सोसायटीच्या मीटिंगला न्यायचं असतं, तिथे दोन महिने वाद होईल तो होऊ दे.

बंगला असेल तर बाहेरून एक चक्कर मारा. एरंडवणे, सहकारनगर, जुनं कोथरूड इथले बंगले म्हणजे झाडं, कुजलेली मुळं आणि भिंतीला टेकवलेलं काय काय. जोत्याच्या वर माती चढलेली आहे का बघा. मुलांनी दिवाळीत केलेला किल्ला होळीपर्यंत तसाच भिंतीला टेकून असतो, खाली पोती आणि फळकुटं, वर रोज पाणी घातलेलं आळीव, म्हणजे वाळवीला रेड कार्पेटच. कौतुक झालं की माती उचला.

पेठांतल्या वाड्यांचं प्रकरण अजून वेगळं. सागाचे खांब पूर्वी दगडी तळखड्यावर उभे करायचे, लाकूड जमिनीला टेकतच नव्हतं. नंतर कुणीतरी जुन्या फरशीवर नवीन टाइल्स टाकून जमीन वर घेतली की तळखडा पुरला जातो आणि खांबाचा बुंधा थेट ओलीत. तसंच तुळईचं टोक, जे मातीच्या भिंतीत गेलेलं असतं आणि बाहेरून दिसत नाही. तिथे ठोकून पोकळ वाजलं तर पेस्ट कंट्रोलवाल्याच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, टेकू आधी, औषध नंतर. सागाला वाळवी लागत नाही हे अर्धंच खरं आहे, गाभ्याचं तांबूस लाकूड बरंच तग धरतं, बाजूचं पांढरं लाकूड मात्र ती आवडीने खाते, आणि आजकाल साग म्हणून जे विकतात त्यात पांढरा भागच जास्त निघतो.

घरगुती उपाय

मीठ, व्हिनेगर, कापूर, डांबरगोळ्या, कडुनिंबाचं तेल. जिथे लागेल तिथली वाळवी यातल्या काहींनी मरते, पण खाली मातीतल्या वसाहतीपर्यंत यातलं काहीच पोचत नाही. एखादी खुर्ची, पाट, पुस्तकांची फळी असेल तर झटकून, खरवडून कडक उन्हात दोन-चार दिवस ठेवणं हा साधा उपाय खरंच कामाचा आहे. रॉकेल किंवा डिझेल ओतणं मात्र अजिबात नको, घरभर वास आणि किचनशेजारी आगीची भीती, आणि फायदा शून्य. बोरिक पावडर वाळवीच्या पोटात गेली तर मरते हे खरं, पण ती नुसती भुरभुरून पोटात जात नाही, आणि लहान मूल किंवा मांजर असेल तर ती भलत्याच पोटात जाईल.

स्वतः करायचं असेल तर

एक-दोन चौकटींपुरतं असेल आणि घर तळमजल्यावर असेल तर करता येतं. औषध असं हवं की वाळवीला ते कळत नाही, ती त्यातून चालत जाते, अंगाला लावून घेते, घरी जाऊन एकमेकींना भरवते, चाटते, आणि हळूहळू सगळीकडे पसरतं. इमिडाक्लोप्रिड आणि फिप्रोनिल ही त्यातली दोन नावं. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी (एससी म्हणजे पाण्यात मिसळायचं घट्ट द्रावण) म्हणून जे वाळवीसाठी मिळतं ते एक लिटर पाण्यात २.१ मिली घालायचं, इंजेक्शनच्या सिरिंजने मोजा, अंदाजे झाकणाने नको. जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं असं अजिबात नाही. तुमच्या डबीवर वेगळं प्रमाण लिहिलं असेल तर डबीवरचं ऐकायचं. क्लोरपायरिफॉस २० ईसी (२० टक्क्यांचं, पाण्यात दुधासारखं मिसळणारं तेलकट द्रावण) स्वस्त पडतं, अनेक जण अजून तेच वापरतात, पण त्याचा वास डोकं उठवतो आणि ते जास्त जहाल आहे, राहत्या घरात मी तरी ते वापरणार नाही.

चौकटीच्या दोन्ही बाजूंना, भिंत आणि फरशी जिथे मिळते तिथे १२ एमएमच्या बिटने साधारण एकेका फुटावर भोकं पाडा, टाइलच्या जोडावर पाडली तर नंतर दिसत नाहीत. त्याआधी भिंतीत नळाचा पाईप किंवा वायरिंग कुठून गेलंय ते प्लंबर-इलेक्ट्रिशियनला विचारून घ्या, नाहीतर वाळवी राहील बाजूला आणि बाथरूम फोडावं लागेल. भोक फरशीखालच्या मातीपर्यंत गेलं पाहिजे. मग नरसाळ्याने हळूहळू औषध सोडायचं, एका भोकात लिटरभर जिरतं, घाई केली की वर उसळतं. सगळं जिरलं की व्हाइट सिमेंटने भोकं बंद. वरच्या मजल्यावर हा लिटरभराचा प्रकार करू नका, खाली माती नाही, स्लॅब आहे, ते औषध खालच्यांच्या सीलिंगमधून टपकेल आणि मग वाळवी हा तुमचा सगळ्यात छोटा प्रॉब्लेम असेल.

लाकडासाठी वेगळं औषध लागतं, तेलातलं. पाण्यातलं मारलं तर प्लाय फुगते. हार्डवेअरच्या दुकानात टर्मिनेटर वगैरे नावाने तयार डबे मिळतात, सुतारांना माहीत असतात. चौकटीला ६ एमएमची बारीक भोकं, वीतभर अंतरावर, खाली तिरकी, आणि त्यात सिरिंजने भरत राहायचं, पीत नाही तोपर्यंत. मग लांबी (पुट्टी) किंवा मेण लावून बुजवा. जे लाकूड पूर्ण पोकळ झालंय त्याला औषध पाजून उपयोग नाही, ते कापून काढा.

हातमोजे, मास्क, चष्मा हे सगळं घालाच. स्वयंपाकाचं भांडं, घरातली बादली वापरायची नाही. फिशटँक असेल तर तो दुसऱ्या खोलीत झाकून ठेवा आणि हवेचा पंप बंद करा, ही औषधं माशांना फार लवकर बाधतात. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर त्या बाजूला स्वतः काही ओतू नका. घरात गरोदर बाई, तान्हं बाळ, दम्याचा पेशंट असेल तर त्यांना त्या दिवशी नातेवाइकांकडे पाठवा, आणि औषधाचा डबा फेकू नका, काही झालंच तर डॉक्टर आधी त्याच्यावरचं नाव विचारतात.

पेस्ट कंट्रोलवाला बोलवताना

फोनवर रेट विचारायच्या आधी एकच प्रश्न विचारा, ड्रिल करणार का? नाही म्हणाला, नुसता स्प्रे मारतो म्हणाला, तर थँक्यू म्हणून फोन ठेवा. आमच्या एका नातेवाइकांकडे असाच एक जण आला, पाठीवर पंप, फिनेलचा वास येणारं पांढरं पाणी दहा मिनिटांत स्कर्टिंगला शिंपडलं, पाच वर्षांची गॅरंटी असं हाताने लिहिलेलं कार्ड दिलं आणि गेला. गणपतीत मखराच्या मागे परत माती दिसली तेव्हा तो नंबर कुणी उचलेना. कार्ड अजून आहे फ्रिजवर.

कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे आणि त्याखाली पैसे घेऊन अशी औषधं मारणाऱ्याला लायसन्स लागतं, ते दाखवा म्हणायला लाजू नका, पुण्यात तर लाजायचं काही कारणच नाही. डबा सीलबंद आणून तुमच्यासमोर फोडायला सांगा, एक्स्पायरी बघा, पाण्यात किती घालतो ते बघा. पद्धत कुठली तर आयएस ६३१३ नावाचं भारतीय मानक आहे, त्याचा भाग २ नवीन बांधकामासाठी आणि भाग ३ राहत्या घरांसाठी. नुसतं हे नाव घेतलंत तरी समोरचा जरा सावरून बसतो. हर्बल ट्रीटमेंट, वास नाही, ड्रिल नाही, सामान हलवायची गरज नाही असं ऐकायला छान वाटतं, पण सामान न हलवता वॉर्डरोबच्या मागची वाट बंद करायची कशी ते त्यालाच विचारा. तो येण्याआधी भिंतीलगतचं सगळं तुम्हीच दोन फूट पुढे ओढून ठेवा, ट्रॉल्या रिकाम्या करा, त्याच्या माणसांना ते करायला लागलं की अर्ध्या जागा सुटतात.

काम झाल्यावर दुसऱ्या दिवशी वाळवी दिसली म्हणून भांडायला जाऊ नका. ही औषधं मुद्दाम सावकाश काम करणारी असतात, काही आठवडे थोडीफार दिसू शकते. भोकांच्या आसपास एक-दोन दिवस पोछा मारू नका. महिनाभराने जुनी नळी तोडून बघा, बुजवली जात नसेल तर जमलं. बुजवत असतील तर त्याला परत बोलवा, यासाठीच गॅरंटी लेखी घ्यायची.

परत येऊ नये म्हणून

ओल बंद केल्याशिवाय बाकी सगळं फुकट आहे. बाथरूमच्या टाइलचे जोड, सिंकखालचा ठिबकणारा पाईप, गॅलरीतून आत येणारं पावसाचं पाणी, आधी हे. चौकट बदलायचीच असेल तर बाथरूमला ग्रॅनाइटची करून टाका, पुण्यातल्या नवीन फ्लॅट्समध्ये बहुतेक तीच असते आणि बिल्डरने केलेल्या मोजक्या शहाणपणाच्या गोष्टींपैकी ती एक आहे. दार डब्ल्यूपीसीचं, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेलं, मिळतं.

नवीन फर्निचर करताना सुतार म्हणेल ७१० (आयएस ७१० या मानकाची) मरीन प्लाय घ्या, काही होत नाही. ती पाण्याला टिकते, चांगलीच असते, पण वाळवी कधीच लागणार नाही असं समजू नका, भिंतीला टेकणाऱ्या बाजूला सनमायका नसतो तिथे औषध मारून मगच बसवा, आणि हे स्वतः उभं राहून बघा, कारण मागची बाजू कुणाला दिसत नाही हे सुतारालाही माहीत असतं. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेले बोर्ड) तळमजल्यावर ओल्या भिंतीला टाळलेलं बरं.

जुन्या बाजारातून किंवा कुणाकडून सेकंड हँड कपाट, पलंग आणत असाल तर उलटा करून खाली पांढरा कागद अंथरा आणि ठोका. रव्यासारखे, पण नीट बघितले तर पैलू असलेले बारीक दाणे पडले तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. हिला माती लागत नाही, ओल लागत नाही, अख्खी वसाहत त्या लाकडातच असते. त्यामुळे जमिनीत ओतलेल्या औषधाने हिचं काही बिघडत नाही, त्या वस्तूलाच भोकं पाडून औषध भरावं लागतं, नाहीतर वस्तू परत करायची. कितीही स्वस्तात मिळत असली तरी घरात घेऊ नका.

ट्रीटमेंट झाली की बिलावर केमिकलचं नाव, टक्केवारी आणि तारीख लिहून घ्या, आणि व्हाइट सिमेंट सुकायच्या आत सगळ्या भोकांचे फोटो काढून ठेवा. दोन-तीन वर्षांनी दुसरा माणूस बोलवायची वेळ आली, किंवा टाइल्स बदलायला काढल्या, तर कुठे औषध आहे आणि कुठे नाही हे दाखवायला तेवढंच हाताशी असतं. टाइल्स काढून खालची माती हलवली असेल तर तिथलं औषध गेलं असं धरा आणि नवीन फरशी बसायच्या आधी परत मारून घ्या.